मेकॅनिकल घेऊ का? वेल्डिंग शेडवाल्याच्या मुलाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: बारावी झाली, सीईटीला बरे पर्सेंटाइल आलेत, कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. वडिलांची कराडजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायची शेड आहे. मुलाला मेकॅनिकल घ्यायचंय. मामा म्हणतात, ‘कॉम्प्युटर घे, मेकॅनिकलला आता काय राहिलंय?’ आणि वडील म्हणतात, ‘लोखंडातच काम करायचं तर चार वर्षं नि एवढे पैसे कशाला? उद्यापासून शेडवर ये.’

मी पंचवीस वर्षं भोसरी-चाकणच्या पट्ट्यात काढली. आधी मशीन शॉप, मग टूल आणि फिक्श्चर (मशीनवर जॉब पकडून ठेवायचा साचा) डिझाइन. गेली दहाएक वर्षं नव्या ट्रेनी इंजिनिअरांच्या मुलाखतीही घेतो. त्यामुळे जे लिहितोय ते शॉपच्या बाजूने दिसतं तसं.

मामांचं आधी उरकतो. पैशाच्या बाबतीत ते फारसे चुकलेले नाहीत. मेकॅनिकलवाल्याला ट्रेनी म्हणून सुरुवातीला जे मिळतं ते आयटीतल्या चांगल्या पॅकेजपेक्षा कमीच असतं. पहिली दोन वर्षं शिफ्ट असते, सेफ्टी शूज असतात, उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहावं लागतं, आणि डिप्लोमा झालेला तुझ्याच वयाचा सुपरवायझर तुला कामावरून चार शब्द ऐकवतो. पाच-सात वर्षांनी चित्र बदलतं, पण ज्याला काम येतं त्याचंच. मेकॅनिकल करून शेवटी आयटीत जायचं, असा विचार मनात असेल तर सरळ आत्ताच कॉम्प्युटर घे. आयटीत जाण्यात कमीपणा काही नाही. पण त्यासाठी थर्मोडायनॅमिक्सचे पेपर कशाला लिहायचे? दरवर्षी अशी मुलं मुलाखतीला येतात. मेकॅनिकल मनापासून केलेलं नसतं, कोडिंग रात्री यूट्यूबवर शिकलेलं असतं, आणि दोन्हीकडे अर्धंच.

वडिलांचा प्रश्न मात्र जास्त खरा आहे.

त्यांना आज संध्याकाळी एक विचार: ट्रॉलीच्या तळाखाली पट्टी किंवा चॅनेल उभं का लावता, आडवं का नाही? ते म्हणतील, ‘आडवं लावलं तर वाकतं की.’ बरोबर. आता शेडमधली ५० बाय ६ मिलिमीटरची एक पट्टी घे, दोन विटांवर आडवी ठेव आणि मधे पाय दे. मग तीच उभी करून, लवंडू नये म्हणून बाजूने धरून, पाय दे. फरक पायालाच कळेल. सेकंड इयरला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये तुला शिकवतील, की वाकायला होणारा विरोध रुंदीच्या साध्या प्रमाणात वाढतो पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात. आडव्या पट्टीची रुंदी ५०, उंची ६. उभीची रुंदी ६, उंची ५०. गणित कर: उभी पट्टी आडवीपेक्षा सुमारे ६९ पट ताठ निघते. वडिलांना ‘लय फरक पडतो’ एवढं माहीत आहे, आणि त्या ज्ञानावर त्यांनी तुझं घर चालवलंय. पदवी तुला ६९ हा आकडा देते.

आकड्याने काय होतं? समज, कारखान्याला ऊस ओढणारा एखादा मालक येऊन म्हणाला, ‘दोन फूट लांब ट्रॉली करून द्या.’ वडील काय करतात? एक साइज वरचं चॅनेल टाकतात, जमलं तर आणखी एक आडवं टाकतात, म्हणजे झोप लागते. ट्रॉली मोडत नाही, पण तिचं वजन समज २०० किलोने वाढलं. तो मालक सीझनभर प्रत्येक खेपेला २०० किलो लोखंड शेतातून कारखान्यावर आणि कारखान्यावरून शेतात फुकट फिरवतो. डिझेल त्याचं, टायर त्याचे. कुठे साइज वाढवायची, कुठे नुसती उंची वाढवून जाडी कमी करायची, कुठे वेल्ड दोन इंच सरकवायचा, हे कागदावर काढता आलं की तुमच्या शेडची ट्रॉली शेजारच्या शेडपेक्षा हलकी आणि तेवढीच दणकट होते. याला मी इंजिनिअरिंग म्हणतो. तुमच्याच भागातलं उदाहरण बघ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. त्यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर येऊन लोखंडी नांगराचा कारखाना घातला. तुझ्या गावापासून किर्लोस्करवाडी काही फार लांब नाही.

आता उलट बाजू. ज्यांना ६९ काढता येतं पण ज्यांनी आयुष्यात पट्टी वाकवलेली नसते, अशी मुलं माझ्यासमोर जास्त येतात.

मुलाखतीत मी बहुतेकदा एकच प्रश्न विचारतो आणि त्यावरच पंधरा मिनिटं काढतो. बोअरिंग बार, म्हणजे लेथवर आतून भोक मोठं करणारा दांडा, कापताना थरथरतोय. जॉबवर लाटा उठतात, ज्याला शॉपमध्ये चॅटर म्हणतात. बार ईएन८ या साध्या स्टीलचा आहे. त्याऐवजी ईएन२४ चा, म्हणजे बराच जास्त ताकदीच्या स्टीलचा बार लावला तर वाकणं कमी होईल का? बहुतेक मुलं लगेच ‘हो सर’ म्हणतात. चूक. ताकद वाढते, म्हणजे मोडायला जास्त जोर लागेल. पण वाकणं ठरतं यंग्ज मोड्युलसवर, म्हणजे धातूच्या मूळच्या ताठपणावर, आणि तो दोन्ही स्टीलचा जवळपास सारखाच, २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपास. हार्डनिंग केलं तरी तो हलत नाही. याच मुलाला पेपरात यंग्ज मोड्युलसची व्याख्या विचारली तर पाचपैकी पाच मिळतात!

मग मी विचारतो, ‘बरं, मग काय करशील?’ कँटिलिव्हरचं, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या दांड्याचं सूत्र प्रत्येकाला पाठ असतं, पण त्या सूत्रातली लांबी घनात आहे याचा अर्थ त्याला सुचावा लागतो. बार टूलपोस्टमधून, म्हणजे त्याला पकडणाऱ्या ठोकळ्यातून, १२० मिलिमीटर बाहेर असेल आणि ६० वर काम भागत असेल तर आत ढकल. वाकणं एकदम आठव्या हिश्श्यावर येतं. एक पैसा खर्च नाही. आत ढकलता येत नसेल तर बार जाड घे. व्यास चौथ्या घातात असतो, म्हणून २० चा बार २५ चा केला की ताठपणा जवळजवळ अडीच पट. तेही जमत नसेल तर कार्बाइड शँकचा, म्हणजे दांडाच कार्बाइडचा असलेला बार, कारण कार्बाइडचा मोड्युलस स्टीलच्या अडीच-तीन पट असतो. तो महाग, म्हणून शेवटी. आमचे जुने लेथ ऑपरेटर चौथी नापास होते, तरी याच क्रमाने जायचे. आधी बार आत, मग जाड बार, मग ‘साहेब, तो महागातला द्या’. तू चार वर्षांत सूत्रातून त्याच क्रमावर पोचलास, आणि का ते सांगता आलं, तर मी तुला घेतो. टक्के मी नंतर बघतो.

ड्रॉइंगबद्दल जरा जास्त लिहितो, कारण हा विषय मुलं फर्स्ट इयरला सबमिशनपुरता करतात आणि विसरतात. शीट एकमेकांच्या खाली काचेवर ठेवून ट्रेस करतात, खाली दिवा लावतात. आम्हीही केलंय. त्याची किंमत मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मोजली. एका परदेशी गिऱ्हाइकाचं ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं होतं. आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात: डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडे काढायचा. अमेरिकन ड्रॉइंगमध्ये थर्ड अँगल असतो, डावीकडून दिसतं ते डावीकडेच. कोणता आहे हे सांगणारं कापलेल्या शंकूचं छोटंसं चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये असतं. मी ते पाहिलंच नाही. ऑपरेटर मामांनी विचारलं होतं, ‘साहेब, हे भोक नक्की याच अंगाला ना?’ मी ‘हो’ म्हटलं, तेही जरा चढ्या आवाजात. चाळीस ब्रॅकेट, सगळी भोकं उलट्या बाजूला. सगळे भंगारात गेले. ते ऑपरेटर मामा त्यावर कधी काही बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की माझी नजर आधी त्या कोपऱ्यात जाते.

आणखी एक गोष्ट, कारण ‘फिजिक्स कुठे लागतं’ असं पुष्कळजण विचारतात. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये ८० मिलिमीटरचा बोअर (भोक), टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच७, म्हणजे शून्यापासून अधिक ३० मायक्रॉनपर्यंत चालतं. मे महिन्यात मशीनवर मोजला, ओके. स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या थंड खोलीत गेला, तर लहान भरला आणि रिजेक्ट. ऑपरेटर म्हणतो क्वालिटीवाले मुद्दाम करतात, क्वालिटीवाले म्हणतात ऑपरेटर खोटं लिहितो. दोघंही खरं बोलत असतात. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि शॉपमध्ये ३५ होतं. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. ८० मिलिमीटर आणि १५ अंश म्हणजे जवळजवळ २८ मायक्रॉन. जवळपास सगळी टॉलरन्स उन्हाळ्यानेच खाल्ली. मोजायचं साधन स्टीलचं असतं आणि शॉपमध्ये तेही तापलेलं असतं, म्हणून प्रत्यक्ष फरक कमी पडतो, पण १३ मायक्रॉन तरी उरतातच. हे अकरावीच्या फिजिक्समधलं थर्मल एक्स्पान्शन आहे, एका मार्काचं. मी त्यावरून दोन डिपार्टमेंटमध्ये महिनाभर बोलणं बंद झालेलं पाहिलंय.

कॉलेज निवडायचं म्हणशील तर पुण्याचं सीओईपी (१८५४ पासूनचं, आता विद्यापीठ झालंय), मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, तुझ्या दाराशी असलेलं कराडचं सरकारी कॉलेज, यांपैकी कुठे नंबर लागत असेल तर फार विचार करू नकोस. अलीकडे सगळ्यांचा ओढा कॉम्प्युटरकडे आहे, त्यामुळे मेकॅनिकलला पूर्वीपेक्षा सोपं जातं. तुझ्यासारख्याने त्याचा फायदा घ्यावा. तिथे नाही लागला आणि खासगी कॉलेजांमधून निवडायचं असेल तर माहितीपुस्तकातल्या प्लेसमेंटच्या फोटोंवर जाऊ नकोस. वर्कशॉप दाखवा म्हण. लेथच्या खालच्या ट्रेमध्ये वाकून बघ. ताज्या चमकत्या चिप्स (कापलेल्या धातूचा चुरा) असतील तर मशीन चालतं. ट्रेमध्ये धूळ आणि वहीचे कागद असतील, बेडवर रंग नवा आणि गंज जुना असेल, तर तिथे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल उतरवणं. लॅब असिस्टंटशी दोन मिनिटं बोल. तो मशीनबद्दल बोलायला लागला तर कॉलेज बरं आहे.

खर्चाचं म्हणशील, तर घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिकवणी शुल्काचा निम्मा भाग सुटतो. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. प्रवर्गाप्रमाणे इतर योजनाही आहेत. उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेव. ॲडमिशनच्या गर्दीत तो मिळवताना पालकांची दमछाक होते.

चार वर्षांबद्दल. पहिलं वर्ष गणितात जातं आणि बरीच मुलं तिथेच केटी लावून घेतात, म्हणजे विषय मागे ठेवतात. शाळेत हुशार असलेली मुलंही. एखादी केटी लागली म्हणून आयुष्य संपत नाही, पण ती मागे लटकवत ठेवू नकोस, पुढच्या विषयांचं ओझं त्यावर चढतं. वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब मिळेल: दोन तुकडे कानशीने घासून व्ही जोड बसवायचा. हाताला फोड येतात आणि मुलं वीस-पन्नास रुपये देऊन कुणाकडून तरी करून घेतात. तू स्वतः घास. कानस मारून ०.१ मिलिमीटर काढायला किती वेळ लागतो हे ज्याच्या खांद्याला माहीत आहे, तो पुढे ड्रॉइंगवर उगाच ०.०१ ची टॉलरन्स लिहीत नाही. कागदावर एक शून्य जास्त लिहायला काही लागत नाही, शॉपमध्ये त्या एका शून्यापायी मिलिंगवरचा जॉब आणखी बारीक घासायला ग्राइंडिंगला जातो.

सेकंड इयरला डिप्लोमाची मुलं थेट येऊन वर्गात बसतात. त्यांची चेष्टा होते, कारण त्यांचं गणित कच्चं असतं. तू त्यांच्या शेजारी बस. त्यांना गणित शिकव आणि त्यांच्याकडून व्हर्निअर शिक. हसू नकोस, मी मुलाखतीत हातात व्हर्निअर आणि एक बुश देतो. लीस्ट काउंट ०.०२ हे सगळे सांगतात, पण आधी जबडे मिटून झिरो एरर, म्हणजे साधन शून्यच दाखवतं का, हे बघणारा विरळा. जो बघतो तो बहुधा डिप्लोमाचाच असतो.

सॉफ्टवेअरचे कोर्स. कॅटिया, सॉलिडवर्क्स, अ‍ॅन्सिस, काहीही शिक, पण थर्ड इयरच्या आधी क्लासला पैसे घालू नकोस. अ‍ॅन्सिस भाग कुठे किती ताणला जातो याचं लाल-पिवळं-निळं चित्र देतं. ते चित्र बरोबर आहे का हे सांगायला आधी पेनाने ढोबळ आकडा काढता यावा लागतो. एकदा एका ट्रेनीने मला ब्रॅकेटचं डिफ्लेक्शन, म्हणजे वाकणं, ४ मीटर दाखवलं होतं. ब्रॅकेट तळहाताएवढा. युनिटची गडबड होती, ती कुणाचीही होते. पण त्याने ते प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून आणलं होतं. थोडं पायथन मात्र शिकून घे. मशीनवरून आता इतका डेटा येतो की एक्सेल गुदमरतं.

बाहासारख्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून पळवायच्या स्पर्धेच्या टीममध्ये जरूर जा, पण नुसता टी-शर्ट घालून स्पॉन्सरशिप मागत फिरू नकोस. एक भाग पकड, ब्रेक किंवा सस्पेन्शन, आणि तो मोडेपर्यंत तुझा. मोडला की का मोडला ते शोध. तुटलेल्या शाफ्टच्या तोंडावर समुद्राच्या लाटांनी वाळूवर उमटवाव्यात तशा रेघा दिसल्या तर तो एका झटक्यात तुटलेला नाही. फटीग आहे, कोपऱ्यात रेडियस न दिल्यामुळे चीर पडून रोज थोडी थोडी वाढत गेलेली. पुस्तकातला स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनचा धडा त्या दिवशी कायमचा डोक्यात बसतो.

फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत मिळतो. नको घेऊस. तुझ्याकडे शेड आहे, वर्गात कुणाकडे नसेल असा प्रोजेक्ट तुझ्या घरात उभा आहे.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता इंजिन-गिअरबॉक्सवाल्यांचं काय, हाही प्रश्न तुझे मामा काढतील. इंजिनचे पार्ट करणाऱ्यांना झळ बसणार, हे खरं. पण बॅटरी गरम होते आणि ती थंड ठेवणं हा हीट ट्रान्सफरचा प्रश्न आहे. मोटरचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं कास्टिंग असतं, त्यातला बोअर वर सांगितलेल्या बोअरचाच भाऊ. मोटरचा वेग कमी करणाऱ्या रिडक्शन गिअरचा आवाज इंजिनच्या आवाजाआड लपत नाही, म्हणून तो आणखी अचूक लागतो. ब्रेक, सस्पेन्शन, चेसिस कुठे जात नाही. एम.टेक.साठी गेट, किंवा जर्मनीत मास्टर्स, हा विचार थर्ड इयरला कर, आत्ता नको.

तर, पट्टीवर पाय देऊन फरक का पडला याची तुला खरंच उत्सुकता वाटली तर मेकॅनिकल घे. पाय दिला आणि कंटाळा आला तर मामांचं ऐक.

घेणार असशील तर कॉलेज सुरू व्हायला अजून महिना-दीड महिना आहे. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची कडी आणि बिजागरी यांचं ड्रॉइंग काढ, तीन व्ह्यू, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. ते वडिलांच्या हातात दे आणि तू शेडबाहेर थांब. तुला काही न विचारता, त्या कागदावरून त्यांना तुकडे कापून जोडता आले पाहिजेत. पहिल्या वेळी ते चार वेळा हाक मारतील. प्रत्येक हाकेला कुठलं माप राहिलं होतं ते मागच्या पानावर लिहून ठेव.